स्नेहाचे मोहन

'स्नेह' हा शब्द आपण संमेलनांच्या कमानींवर आणि भोजनांच्या पत्रिकांवर इतका वापरला आहे की त्याचा ओशटपणा आता बोटाला लागत नाही. वास्तविक स्नेह म्हणजे आधी तेल, तूप. जे जे स्निग्ध ते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला १३वा अध्याय स्नेहाचा आहे, आणि तिथे तूप, तेल, वसा व मज्जा हे चार स्नेह श्रेष्ठ मानले आहेत. मायाममता तिथे शोधायला जाऊ नये. तरीही ज्या भाषेने समईतल्या तेलाला आणि आईच्या काळजातल्या ओलाव्याला एकच नाव दिले, तिला त्या दोहोंत काहीतरी एकच दिसले असणार, आणि ते काय, या प्रश्नापाशी मी अनेक वर्षे बसून आहे. त्याचा एक पदर परवा सुटला, तो पोथीसमोर नव्हे, ओव्हनसमोर.

सूनबाईने इटलीहून संत्र्याच्या स्वादाचे ऑलिव्ह तेल आणले होते. तिकडच्या आब्रुत्झो प्रांतात अशी एक रीत आहे की ऑलिव्हची फळे आणि ताजी लिंबे वा संत्री एकाच घाण्यात, एकत्रच चिरडायची. त्या लगद्यातले पाणी वेगळे काढले की फळाचा आंबट रस पाण्याबरोबर निघून जातो, पण सालीचा सुगंध तेलातच राहतो, कारण तो सुगंध स्वतःही तेलच आहे. सालीवरच्या बारीक ठिपक्यांत लिमोनीन नावाचे जे द्रव्य असते ते पाण्याला दाद देत नाही, स्नेहात मात्र विरघळते. म्हणून बाटली हुंगावी तर संत्रे, आणि थेंब जिभेवर ठेवावा तर आंबटाचा मागमूस नाही. तयार तेलात नंतर अर्क मिसळूनही असे तेल करतात, पण माझ्या मते त्यात सलगी नसते, नुसती ओळख असते. (घरी ताज्या साली तेलात बुडवून ती बाटली दिवसचे दिवस ओट्यावर ठेवू नये, हवा न लागणाऱ्या तेलात ओल्या सालीपाशी विषारी जंतू वाढू शकतात.) चरकाने चौघांत तुपाला पहिला मान दिला तो याच गुणासाठी, की त्याच्याइतका संस्कार दुसरा कोणताही स्नेह अंगी लावून घेत नाही. ऑलिव्हचे तेल त्याने पाहिले नसावे.

या तेलाचा केक करायला बसले तेव्हा दोन नागपुरी संत्र्यांची फक्त केशरी साल किसली, खालचा पांढरा, कडवट थर राहू दिला, आणि तो कीस १५० ग्रॅम साखरेत बोटांनी चोळला. चोळता चोळता साखर ओलसर झाली, तिला फिकट केशरी रंग चढला, आणि स्वयंपाकघरभर तो वास असा पसरला की पलीकडच्या खोलीतून नातवाने विचारले, संत्रे कोण सोलतेय. मग १२५ मिलिलिटर ते तेल आणि २०० मिलिलिटर रस, त्यातच एका लिंबाचा, आणि शेवटी २५० ग्रॅम मैदा.

इथे मला सासूबाईंचे मोहन आठवले. शंकरपाळ्यांच्या पिठात त्या कडकडीत तेल ओतत, ते सगळ्या पिठाला चोळत, आणि मूठ वळून पाहत. मूठ वळली आणि बोटाने टोचताच विसकटली, की मोहन बरोबर. पाणी लागले की मैद्यातली प्रथिने एकमेकांना घट्ट धरून चिवट जाळे विणू लागतात. स्नेह त्यांच्यामध्ये शिरून ती मिठी सैल ठेवतो, आणि म्हणून खाद्य खुसखुशीत वा मऊ होते. माझा पहिला केक मी कणकेसारखा मनापासून घोटला होता, आणि तो दाताखाली रबरासारखा ताणला गेला. यावेळी मैदा दिसेनासा होताच हात आवरला. स्नेह जोडतो असे आपण सरसकट म्हणतो; पिठात तर तो फार घट्ट जोडले जाऊ देत नाही, आणि एकत्र ठेवतोही.

वैष्णव आचार्य रूप गोस्वामींनी सोळाव्या शतकात 'उज्ज्वलनीलमणि' या ग्रंथात भक्तीतल्या स्नेहाचे दोन प्रकार केले, घृतस्नेह आणि मधुस्नेह. मधुस्नेह स्वतःच गोड, 'हा माझा' या भावाने भरलेला. घृतस्नेह आदराचा, स्वतः गोड नसलेला, दुसऱ्या भावांत मिसळल्यावर रुचकर होणारा, आणि तुपासारखाच थंडाव्याने घट्ट होणारा. त्यांच्यासमोर केक नव्हता, हे मान्य; पण लोण्याचा केक थंड झाला की घट्ट होतो आणि तेलाचा मऊ राहतो, हे ज्याने खाल्ले आहे त्याला ही विभागणी नुसती अलंकारिक वाटणार नाही. तेलाचा स्नेह या दोहोंत कुठे बसवावा, यावर मी अजून थांबले आहे.

ग्रीसमध्ये संत फानुरिओस यांच्या नावाने २७ ऑगस्टला असाच केक करतात, त्याला फानुरोपिता म्हणतात. त्यात लोणी नाही, अंडे नाही, ऑलिव्ह तेल आणि संत्र्याचा रस असतो, आणि जिनसा मोजून सात किंवा नऊ. हरवलेली वस्तू संत प्रकट करतात अशी श्रद्धा. केक चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेऊन वाटायचा. ज्याचे काही हरवले त्याने आधी इतरांना खाऊ घालायचे, हा क्रम मला फार आवडतो.

आणि आपल्या कोकणात, अलिबागच्या आसपास, मराठी बोलणारा बेने इस्रायल हा ज्यू समाज पिढ्यान्पिढ्या तेलाचे घाणे चालवत असे. शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांतले बहुतेक १९४८ नंतर हळूहळू इस्रायलला गेले, ऑलिव्हच्या प्रदेशात. सहा दिवस स्नेह काढायचा आणि सातव्या दिवशी काढायचाही थांबवायचा, हे त्या नावात गावाने नकळत नोंदून ठेवले.

माझ्या केकच्या जिनसा नंतर मोजल्या: मैदा, साखर, तेल, रस, साल, सोडा, मीठ, अक्रोड, दालचिनी. नऊ भरल्या. पावाच्या साच्यात, १८० अंशांवर, पाऊण तासाहून थोडे अधिक; विणायची सुई खुपसून कोरडी निघाली की झाला. आपण करून पाहणार असाल तर त्याच दिवशी कापू नका. निवल्यावर स्वच्छ फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा. तेलाचा केक दुसऱ्या दिवशी अधिक मऊ असतो.