दिवस किती आणि दिवस कसे?

स्वादुपिंडाचा कर्करोग हा मोठा कपटी रोग होय. जठराच्या पाठीमागे दडलेली ही ग्रंथी. कावीळ, पाठदुखी, अंग झडणे ही लक्षणे दिसू लागतात, तोवर पुष्कळदा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. अमेरिकेतील अलीकडच्या आकड्यांप्रमाणे निदानानंतर पाच वर्षे जगणारे शंभरात सुमारे १३.

अशा घरी दोन बोल ऐकू येतात. एक म्हणतो, "आता उपाय कशाला?" दुसरा म्हणतो, "हा प्रारब्धाचा भोग, भोगूनच संपवावा. गुंगीची औषधे नकोत." बोल भक्तीचे खरे, पण त्यांत विवेक किती?

रोग हटत नाही म्हणजे काहीच करता येत नाही, असे नव्हे. पित्ताची वाट तुंबली तर आत बारीक नळी बसवितात; कावीळ उतरते, अंगाची खाज थांबते. पाचकरसाच्या कॅप्सूल जेवणाबरोबर घेतल्या तर अन्न अंगी लागण्यास मदत होते. पोटातील मज्जातंतूंच्या जाळ्याला सुई देऊन कळ कमी करता येते. मॉर्फिनही आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळणे दुर्घट झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वाट काहीशी मोकळी केली. वैद्याच्या देखरेखीने घेतलेले हे औषध म्हणजे व्यसन नव्हे. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ साली निघाले, ते अशाच रोग्यांच्या सेवेसाठी.

आता भोगाचे पाहू. दिंडीत कोणाच्या पायात काटा रुतला तर "तुझा भोग" म्हणून आपण पुढे जातो काय? खाली बसून काटा काढतो. मग पोटातल्या काट्याला निराळा न्याय का? कोणी म्हणेल, शुद्ध हरपली तर नाम कसे घ्यावे? शंका रास्त आहे. पण कळांनी जीव व्यापला असता तरी नाम कुठून सुचणार? औषधाचे प्रमाण कमीजास्त करता येते. थोडी कळ सोसून जागे राहावे असे रोग्याला वाटले, तर तो त्याचा अधिकार. दुसऱ्याने सोसणे लादले तर ती निष्ठुरता होय.

म्हणून आम्ही म्हणतो, रोग्यापासून खरे लपवू नये. त्याला जेवढे जाणून घ्यावयाचे असेल तेवढे हळूहळू सांगावे. आणखी उपचार हवेत की घरचे अंगण हवे, हे त्यालाच विचारावे. दिवस किती, हे आपल्या हाती नाही. ते कसे जावेत, यातले पुष्कळसे मात्र उशाशी बसणाऱ्यांच्या हाती आहे.