दृष्टीचा क्रयविक्रय आणि दायित्वाचा वाटा

शस्त्राच्या क्रयविक्रयाविषयी नीतिविचाराने पूर्वीपासून पुष्कळ ऊहापोह केला आहे. तलवार घडविणारा, ती विकणारा, ती घेणारा आणि ती चालविणारा हे चौघे वेगळे करून प्रत्येकाच्या पदरी किती कर्म पडते, याचा निवाडा करण्याचा तो प्रयत्न आहे. परंतु आपल्या काळात राष्ट्रे एकमेकांना केवळ शस्त्र विकत नाहीत. ती दृष्टीही विकतात. समुद्रावर गस्त घालणारे विमान म्हणजे अशी विकली जाणारी दृष्टीच होय. ती घेणारे राष्ट्र आपले, तिचा एक तळ गोमंतकात, आणि तिचे मोल दिले जाते ते आपल्याच करातून. म्हणून हा विषय वासनिकांना परका नाही. आणि हिंसेचा निषेध हा ज्यांच्या आचाराचा पाया आहे, त्या भिक्षुकांनाही तो टाळता येण्याजोगा नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अमेरिकेतील बोइंग कंपनीने आपल्या ७३७ या प्रवासी विमानाच्या धर्तीवर पी-८ हे समुद्रगस्तीचे विमान रचले. १ जानेवारी २००९ रोजी भारताने अशी ८ विमाने सुमारे २१० कोटी डॉलरना घेण्याचा करार केला. हे विमान घेणारे अमेरिकेबाहेरचे पहिले राष्ट्र भारतच. पहिले विमान मे २०१३ मध्ये तामिळनाडूतील अरक्कोणम येथे नौदलाच्या तळावर उतरले. २०१६ मध्ये आणखी ४ विमानांचा करार झाला, आणि मार्च २०२२ मध्ये गोव्यातील ‘हंसा’ तळावर त्यांचे दुसरे पथक स्थापन झाले. या १२ विमानांचा व्यवहार कंपनीशी थेट होता. अमेरिकन सरकारने त्यास अनुमती दिली होती. ३० एप्रिल २०२१ रोजी मात्र आणखी ६ विमाने, सुमारे २४२ कोटी डॉलर किमतीची, सरकारने सरकारला विकण्याच्या प्रस्तावास अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने संमती दिली. म्हणजे येथे शासन हेच विक्रेता ठरते.

हे विमान करते काय? ते रडारने समुद्राचा पृष्ठभाग न्याहाळते. ध्वनी टिपणारी तरंगती नळकांडी पाण्यात टाकून ते खोल दडलेल्या पाणबुडीचा कानोसा घेते. भारताने घेतलेल्या विमानांच्या शेपटीशी तर पाण्याखालील लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकत्वात पडणारा सूक्ष्म फरक ओळखणारे यंत्रही बसविलेले आहे. परंतु ते पाहूनच थांबते असे नाही. त्याच्या पोटात पाणतीर व पंखांखाली क्षेपणास्त्रे असतात. एप्रिल २०२० मध्ये याच विमानांसाठी १० हार्पून क्षेपणास्त्रे व १६ मार्क-५४ पाणतीर भारतास विकण्यास अमेरिकेने मान्यता दिली. एवंच, ही दृष्टी हातासह विकली जाते.

येथे पहिला पूर्वपक्ष असा की, हे सारे हिंसेचे साहित्य आहे, तेव्हा ते विकणे, घेणे आणि त्यास मान डोलावणे हे सर्वच सदोष. याहून अधिक विचार कशास हवा?

समाधान : विचार हवा, कारण अंधत्व म्हणजे अहिंसा नव्हे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक जलसमाधी पावले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला नौका सोडून गेले नाहीत. त्या वेळी लांब पल्ल्याची गस्तीची विमाने नौदलाच्या स्वतःच्या हाती नव्हती. ते काम हवाई दल सुपर कॉन्स्टेलेशन या जुन्या विमानांनी करीत असे. ती विमाने १९७६ मध्ये नौदलाकडे आली, आणि १९७७ मध्ये सोव्हिएत संघाकडून आयएल-३८ ही विमाने घेण्यात आली. पी-८ च्या खरेदीमागे १९४ जणांच्या त्या मृत्यूची स्मृती आहे. ज्याच्यावर इतरांच्या रक्षणाचा भार आहे त्याने डोळे मिटून बसणे ही विरक्ती नव्हे, ते कर्तव्यच्युत होणे आहे. विरक्ती ही स्वतःच्या देहापुरती घेता येते. दुसऱ्याच्या प्राणांवर ती लादता येत नाही.

दुसरा पूर्वपक्ष याच्या उलट टोकाचा. तो म्हणतो, साधन हे निर्विकार असते. विळ्याने भाजी चिरावी की बोट, हे विळा ठरवीत नाही. याला आधारही आहे. मार्च २०१४ मध्ये २३९ माणसांसह नाहीशा झालेल्या मलेशियाच्या विमानाच्या शोधात आपली पी-८ विमाने फिरली. मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांनी बळकावलेले ‘रुएन’ हे जहाज भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर गाठून नौदलाने १७ खलाशांची सुटका केली आणि ३५ चाचे शरण आले. त्या कामगिरीतही याच विमानाची नजर होती. एकाही खलाशाला इजा न होता हे घडले. मग अशा साधनाला दोष का द्यावा?

समाधान : साधनाला दोष कोणीच देत नाही, जड पदार्थाला पाप नाही आणि पुण्यही नाही. प्रश्न साधन देणाऱ्या आणि घेणाऱ्या जीवांचा आहे. साधन निर्विकार असल्याने त्यांचे दायित्व कमी होत नाही, उलट वाढते. कारण विकाराचा सगळा भार मग त्यांच्यावरच येऊन पडतो. शिवाय हे साधन नेमलेल्या जागी राहील याचाही नेम नसतो. समुद्रासाठी घेतलेली हीच विमाने २०२० मध्ये लडाखच्या सीमेवर तणाव निर्माण झाला तेव्हा हिमालयातील भूमी न्याहाळण्यासाठी वापरली गेली. यात गैर काही झाले असे नव्हे. परंतु दृष्टी एकदा लाभली की ती कोठे वळेल, हे ती घेताना सांगता येत नाही, एवढे यावरून दिसते.

आता विक्रेत्याकडे वळू. विक्रेत्याचे नेहमीचे म्हणणे असे की, मोल घेतले, माल दिला. पुढे त्याचे काय करायचे ते घेणाऱ्याने पाहावे. हे म्हणणे सामान्य बाजारात कदाचित चालेल. येथे ते त्याच्याच तोंडी शोभत नाही. अमेरिकेचा १९७६ चा शस्त्रनिर्यात नियंत्रण कायदा सांगतो की, दिलेले साहित्य स्वसंरक्षणादी ठराविक कारणांसाठीच वापरावे, अमेरिकेच्या संमतीवाचून ते तिसऱ्यास देऊ नये. मोठ्या विक्रीची सूचना तेथील संसदेस आधी द्यावी लागते, आणि ती विक्री रोखण्याचा अधिकार संसदेस आहे. दिलेल्या साहित्याच्या वापरावर देखरेख ठेवण्याविषयीचा समझोता भारताशी जुलै २००९ मध्ये झाला. म्हणजे विक्रेता माल देतो, पण त्यावरील आपला अधिकार पुरता सोडीत नाही. ज्याने अधिकार राखला त्याने दायित्वही राखले. एक ठेवावे आणि दुसरे झटकावे, हे न्यायाला धरून नाही.

या राखलेल्या अधिकाराचा अनुभव आपण घेतलेला आहे. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, तेव्हा नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांचे सुटे भाग अडले आणि ती जमिनीला खिळली. वस्तुतः ती हेलिकॉप्टरे ब्रिटिश बनावटीची. त्यांतील काही भाग मात्र अमेरिकन. म्हणून घेणाऱ्यानेही हे ध्यानी धरावे की, विकत घेतलेल्या दृष्टीची पापणी काही अंशी दुसऱ्याच्या हाती असते.

याहून अवघड प्रश्न ‘मित्र’ या शब्दाचा आहे. ‘खुकरी’ बुडविणारी ‘हंगोर’ फ्रान्समध्ये बांधलेली होती. आणि त्याच फ्रान्सने आपल्या ‘विक्रांत’ नौकेला पाणबुड्या शोधणारी आलिझे विमाने पुरविली होती. एकाला दडण्याचे साधन, दुसऱ्याला शोधण्याचे! पुढे अमेरिकेनेही तोच मार्ग धरला. पाकिस्तानला द्यावयाची पी-३ ओरायन ही गस्तीची विमाने १९९० मध्ये प्रेस्लर दुरुस्तीमुळे अडली, त्या दशकाच्या उत्तरार्धात दिली गेली. २००४ मध्ये पाकिस्तानला ‘नाटोबाहेरील प्रमुख मित्र’ हे पद मिळाले आणि पुढे आणखी ओरायन विमाने मिळाली. २०१६ मध्ये अमेरिकेने भारताला ‘प्रमुख संरक्षण भागीदार’ म्हटले. एकाच समुद्रावर समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांना एकाच दुकानातून डोळे मिळाले.

येथे कोणी आक्षेप घेईल की, भारतीय युद्धात श्रीकृष्णचक्रवर्तींनीही नारायणी सेना दुर्योधनास दिली आणि स्वतः अर्जुनाकडे गेले. दोन्ही पक्षांस साह्य देणे हे तेथे दूषण ठरले नाही, मग येथे का ठरावे?

समाधान : ईश्वरावताराच्या लीळेशी जीवाच्या व्यवहाराची बरोबरी करणे मुळातच युक्त नाही, लीळा स्मरावी, तिचे अनुकरण करू नये. तथापि आक्षेपकाच्या समाधानासाठी दृष्टांत घेतला, तरी तो त्याच्या विरुद्धच जातो. त्या दानात मोल नव्हते. दुर्योधन व अर्जुन दोघे समोर असताना, दोघांच्या निवडीने ते झाले. एकापासून लपवून दुसऱ्यास काही दिले नाही. पुढे शिष्टाईसाठी हस्तिनापुरास जाऊन, युद्ध टळावे म्हणून जे करावयाचे ते त्यांनी केले. युद्ध टळले नाही तेव्हा ते निःशस्त्र होऊन रणांगणाच्या मध्यभागी राहिले. आणि शेवटी शोकाकुल गांधारीने दिलेला शाप त्यांनी नाकारला नाही. आजच्या विक्रेत्यापाशी यांतील काय आहे? तो मोल घेतो, आणि रणापासून हजारो कोस दूर असतो. शोक करणाऱ्या कोणत्याही गांधारीला त्याच्या दारी पोहोचता येत नाही.

मांसाविषयी बोलताना स्मृतिकारांनी केवळ प्राण्यास मारणाऱ्याला घातक म्हटले नाही. अनुमती देणारा, विकणारा व विकत घेणारा यांचीही गणना त्यांनी घातकांत केली. तेथील तत्त्व येथेही लागू पडते. कर्म हे मातीच्या ढिगासारखे नसते की एकाने उचलले म्हणजे दुसऱ्याचे कमी व्हावे. ते प्रत्येकाच्या वाट्याला त्याच्या हेतूप्रमाणे पूर्णच येते. विक्रेत्याचा वाटा क्रेत्याने घेतला म्हणून फिटत नाही, आणि क्रेत्याचा वाटा विक्रेत्याच्या अटींनी हलका होत नाही.

दृष्टी नाकारूनही सुटका नाही, हे धृतराष्ट्राच्या कथेवरून कळते. युद्ध पाहण्यासाठी व्यासांनी देऊ केलेली दृष्टी त्याने घेतली नाही. ज्ञातिवध पाहवणार नाही, असे त्याने सांगितले. ती दृष्टी मग संजयास मिळाली. पण न पाहिल्याने त्याचे दायित्व चुकले काय? जे पाहणे असह्य, ते घडू न देणे हेच त्याचे काम होते. आणि ते करण्याची वेळ दृष्टी नाकारण्याच्या फार आधी येऊन गेली होती.

हे सर्व दुसऱ्यास लावून आपण मोकळे होऊ नये. कारण आता भारतही समुद्रगस्तीची विमाने देणारा झाला आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेली डॉर्नियर विमाने सेशेल्सला २०१३ पासून मिळाली. जेथे मराठी वंशाचा समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे, त्या मॉरिशसला २०१६ मध्ये असे विमान विकले गेले. आणि श्रीलंकेस ते १५ ऑगस्ट २०२२ रोजी सुपूर्द झाले. मालदीवमध्ये डॉर्नियरने रुग्णांची ने-आण केली, तरी ते चालविणारे सैनिक परके आहेत म्हणून तेथील नव्या शासनाने त्यांना परत जाण्यास सांगितले, आणि मे २०२४ पर्यंत ते परतले. त्यांच्या जागी मुलकी तंत्रज्ञ गेले. वॉशिंग्टनला जे प्रश्न विचारावयाचे, तेच लहान बेटांनी दिल्लीला विचारले तर आपण रागावू नये. आपण दिलेली दृष्टी त्यांची आहे की आपलीच तेथे ठेवलेली, हे आपण प्रामाणिकपणे सांगू शकलो पाहिजे.

तात्पर्य, अशा विक्रीचे न्याय्य-अन्याय्यत्व तिच्या किमतीवरून किंवा मैत्रीच्या नावावरून ठरत नाही. ते तीन गोष्टींवरून ठरते. देणाऱ्याला घेणाऱ्याच्या रक्षणाची खरी चिंता आहे काय, की त्याच्या भयावर आपला व्यापार चालविणे आहे? घेणारा त्या दृष्टीने बुडणाऱ्यालाही पाहील काय, की केवळ बुडवावयाच्या नौकेलाच? आणि ती लाभल्यावर दोघेही युद्ध टाळण्याचा यत्न अधिक करतात की कमी? पहिल्या दोहोंची उत्तरे शुभ असून तिसऱ्याचे अशुभ असेल, तर तो व्यवहार निर्दोष म्हणता येणार नाही.

पाहणाराही मर्त्य असतो, हेही विसरू नये. १० ऑगस्ट १९९९ रोजी कच्छच्या सीमेवर भारतीय मिग विमानाने पाकिस्तानी नौदलाचे आटलांटिक हे गस्तीचे विमान पाडले. ते आपल्या हद्दीत आले होते असे भारताने सांगितले, पाकिस्तानने ते नाकारले. जून २००० मध्ये हेगच्या न्यायालयाने आपणास अधिकार नाही म्हणून तो वाद ऐकला नाही. आतील १६ जण मात्र गेले. ते विमानही फ्रेंच बनावटीचेच होते. ‘खुकरी’वरील १९४ आणि हे १६, यांच्यासाठी ज्याला एकाच अंतःकरणाने दुःख होते, त्यानेच अशा व्यवहारावर मत द्यावे. वासनिक कर देतो, मतही देतो. म्हणून तो या क्रयातील भागीदार आहे. त्याने राष्ट्ररक्षणास विरोध करावा असे येथे म्हणणे नाही. परंतु रक्षणासाठी घेतलेली दृष्टी रक्षणाकडेच लागली आहे काय, हे पुनःपुन्हा विचारण्याचे काम त्याचे आहे, आणि ते त्याने दुसऱ्यावर सोपवू नये.