मैदानावरचा गळा

पार्श्वगायिका मोजायची आपली फूटपट्टी ठरलेली आहे: चित्रपट किती, नायिका कोणत्या, पुरस्कार कुठले. या पट्टीने फाल्गुनी पाठकचं माप घ्यायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. चित्रपटांसाठी ती गायली, पण ती गाणी चटकन ओठांवर येत नाहीत. येतात ती कॅसेटच्या शेवटच्या बहरातली. १९९८चं ‘याद पिया की आने लगी’, १९९९चं ‘मैंने पायल है छनकाई’. या गाण्यांवर गॅदरिंगला नाच बसला नाही असं कॉलेज अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत शोधून सापडायचं नाही.

तिच्या व्हिडिओंमध्ये प्रेमात पडायला रिया सेन, आयेशा टाकिया अशा कोवळ्या मुली असायच्या. फाल्गुनी पँट-शर्टात, आखूड केसांनी, कडेला राहून गोष्ट सांगायची. आवाज लाजरा, पैंजणांचा. वेश त्याच्याशी काडीचंही नातं न सांगणारा. पॉप गायिकेनं कसं दिसावं याचे ठोकताळे तेव्हा पक्के होते. हिनं ते मानले नाहीत, आणि आमच्या इमारतीतल्या एरवी कडक असलेल्या आज्यांनीही कधी नाक मुरडलं नाही. देवीपुढे गाते म्हटल्यावर बाकी सगळं माफ होतं, असा माझा कयास आहे.

कारण तिची खरी कारकीर्द नवरात्रातल्या गरब्याची. ‘ता थैया’ हा तिचा वाद्यवृंद अल्बमच्या आधीचा, १९९४चा. काही वर्षं बोरिवलीत चिकूवाडीजवळच्या प्रमोद महाजन क्रीडा संकुलाच्या मैदानावर ती गायली. स्टुडिओत ओळ बिघडली तर दुसरा टेक घेता येतो. इथे एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू व्हायला हवं. ढोल थांबला की फेर तुटतो. सुरुवात संथ, स्तुतीची, मग हळूहळू चढवत न्यायची लय. ती फार लवकर चढली तर लोक दमतात, उशिरा चढली तर कंटाळतात. मी तिथे नाचायला कमी आणि हे बघायलाच जास्त गेले आहे.

आमच्या घरी याच दिवसांत भोंडला व्हायचा. पाटावर हत्ती, भोवती फेर, शेवटी खिरापत ओळखायची. भोंडल्याला वेगळी गायिका नसते, फेर धरणाऱ्याच गातात. गरबाही गल्लीत, घटाभोवती असाच होता. मैदान आलं, हजारो माणसं आली, आणि नाचणारे व गाणारे वेगळे झाले. त्यात काही गमावलंच. पासांचे भाव, प्रायोजकांचे फलक, पुढाऱ्यांचे सत्कार हे सगळं त्यामागून आलं. पण एवढ्या गर्दीसाठी कुणीतरी एकानं गायला हवं, हे काम नव्यानं तयार झालं आणि ते फाल्गुनीइतकं कुणी पेललं नाही. फिल्मी गाण्यांच्या तयार ट्रॅकवर गरबा उरकणारी मैदानं पाहिली की हे जास्तच जाणवतं.

२०२२मध्ये ‘मैंने पायल है छनकाई’चं ‘ओ सजना’ या नावानं नवं रूप आलं, नेहा कक्करच्या आवाजात. फाल्गुनीनं नाराजी उघड बोलून दाखवली, पण गाण्याचे हक्क तिच्याकडे नव्हते. रेकॉर्ड झालेला गळा असा परक्या मालकीचा होऊ शकतो. नऊ रात्रींचं तसं नाही. तिथे तिलाच उभं राहावं लागतं, आणि दहाच्या ठोक्याला, परवानगीच्या मोजक्या रात्री बाराला, थांबावंही लागतं.

२०२३मध्ये तिच्या बोरिवलीतल्या कार्यक्रमाचे बनावट पास विकल्याची प्रकरणं पोलिसांपर्यंत गेली. नव्वदच्या दशकातल्या बाकीच्या पॉप गायकांचे खोटे पास छापायचा खर्च कुणी आज करील, असं मला वाटत नाही.