जास्तीचे तांदूळ आणि जास्तीची तपासणी

आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या शरण दांपत्याची कथा आपल्या वाचकांस परिचित आहे. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक, आणि त्यातून त्यांच्या घरचा दासोह चाले. एके दिवशी मारय्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते जिथून आणले तिथे परत नेऊन टाकावयास सांगितले. या कथेचे निरूपण करताना आपण लोभ या एकाच दोषावर बोट ठेवतो. परंतु आणलेले जास्त आहे, हे लक्कम्मांना कशावरून कळले? आज किती पाने मांडावयाची हे त्यांना ठाऊक होते, यावरून. माप आधी होते, म्हणून जास्त ठरले. माप नसते तर मूठभर तांदूळही जास्त वाटले असते आणि पोतेभरही अपुरे वाटले असते.

ही कथा आज आठवण्याचे कारण वेगळे आहे. पांढुर्णा-सौंसर भागातील आपल्या भगिनींच्या घरी आता एक प्रश्न येऊ लागला आहे, आणि तो केवळ वैद्यकाचा प्रश्न नाही. सौंसर तहसिलीतल्या एखाद्या घराची कल्पना करा. पन्नाशीच्या माउलीच्या हाताला स्तनात गाठ लागली. नागपूरला नेले, मॅमोग्राफी व सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासला आणि निदान कर्करोगाचे आले. गाठ लहान आहे, काखेत काही लागत नाही, अन्य कोणतीही तक्रार नाही. डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रियेची तारीख घ्या. तोच पुण्याहून भाच्याचा फोन येतो, "मामी, पैशाचं पाहू नका. आधी सगळं अंग एकदा स्कॅन करून घ्या, मगच पुढचं." आता त्या माउलीने काय करावे? डॉक्टरांकडे आणखी तपासणी मागावी काय? मागितली तर अविश्वास दिसेल, न मागितली तर पुढे मनाला टोचणी लागेल.

काही सत्प्रवृत्त मंडळी अशा वेळी सांगतात की सर्व शिवावर सोपवावे, शरीर नाशिवंत आहे. हे बोलणे शरणमार्गाला धरून नाही असे आम्हांस वाटते. इष्टलिंग ज्या तळहातावर घ्यावयाचे तो हात याच देहाचा आहे, आणि कायकही याच देहाने व्हावयाचे आहे. त्या देहाची निगा राखणे ही श्रद्धेची उणीव ठरत नाही. म्हणून तपासणी मागावी की नाही हा प्रश्न श्रद्धा-अश्रद्धेचा नव्हे. तो मापाचा आहे.

तेव्हा ही यंत्रे काय दाखवतात ते आधी समजून घेऊ. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरीन जोडलेली एक प्रकारची साखर शिरेतून देतात. शरीरात जिथे साखरेचा खप जास्त, ती जागा चित्रात उजळते. कर्करोगाच्या पेशी साखर फार खातात, म्हणून त्या दिसतात. पण जुना क्षय, एखादा जंतुसंसर्ग, साधी सूज यांनीही जागा उजळते. आणि अगदी बारीक गाठ असली तर ती उजळतही नाही. हाडांच्या स्कॅनचेही तसेच. ज्या बाईने तीस वर्षे निंदण केले, कापूस वेचला, संत्र्याच्या बागेत ओझी उचलली, तिचे गुडघे, खांदे आणि मणके त्या चित्रात स्वच्छ कसे दिसावेत? मग अहवालात एक शंकेचे वाक्य उमटते, त्यासाठी दुसरी तपासणी, पुन्हा सुई, पुन्हा आठ-पंधरा दिवस थांबणे, आणि शस्त्रक्रियेची तारीख पुढे.

म्हणूनच अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली स्पष्ट सांगितले की, प्राथमिक अवस्थेतील आणि रोग पसरण्याचा धोका कमी असलेल्या स्तनाच्या कर्करोगात पेट, सीटी किंवा हाडांचा स्कॅन करू नये. उपचारानंतर कोणतीही तक्रार नसताना असे स्कॅन वारंवार करण्यालाही त्यांनी नको म्हटले. यामागे पूर्वीचा अनुभव आहे. १९९४ साली इटलीतील दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात १३२० स्त्रिया होत्या, दुसऱ्यात १२४३. काहींच्या तपासण्या ठराविक मुदतीने नेमाने केल्या, बाकीच्यांची नेहमीची देखरेख ठेवली. दुसऱ्या अभ्यासात दर सहा महिन्यांनी छातीचा एक्स-रे आणि हाडांचा स्कॅन होता. त्यात पसरलेला रोग थोडा आधी सापडला खरा. पण पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. आधी कळले म्हणून आयुष्य वाढले नाही, चिंतेचे दिवस मात्र वाढले. हे पचावयास कठीण आहे, कारण "लवकर कळले तर बरे" हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गाठ प्रथम सापडण्याच्या बाबतीत ते खरेच आहे. पुढच्या प्रत्येक तपासणीला ते लागू पडत नाही.

स्तनाच्या एमआरआयची गोष्ट थोडी निराळी आहे आणि ती एकांगी सांगणे बरे नव्हे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका स्तनात कर्करोग असलेल्या ९६९ स्त्रियांच्या दुसऱ्या स्तनाचा एमआरआय केला. मॅमोग्राफीत न दिसलेला कर्करोग ३० जणींमध्ये सापडला. त्या तिसांना ही तपासणी जास्तीची होती असे कोण म्हणेल? मात्र त्यासाठी तुकडा काढून तपासणी करावी लागली ती १२१ जणींची. उलट, ब्रिटनमधील १६२३ स्त्रियांच्या अभ्यासात (हा २०१० सालचा) शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआय केल्याने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण घटले नाही. केलेल्या आणि न केलेल्या, दोन्ही गटांत ते शेकडा १९ राहिले. म्हणजे ज्या स्त्रीचे स्तन दाट असून मॅमोग्राफी धूसर आली आहे, किंवा जिच्या आई-बहिणींना हा रोग होऊन गेला आहे, तिने एमआरआयबद्दल अवश्य विचारावे. सर्वांनी सरसकट मागावा असे नाही.

आता लक्कम्मांचे माप इथे लावून पाहू. डॉक्टरांना एकच विचारावे: "या तपासणीचे उत्तर असे आले तर तुम्ही काय कराल, आणि तसे आले तर काय कराल?" दोन्हींचे उत्तर एकच असेल, तर ते तांदूळ आज लागणारे नाहीत. उत्तर बदलत असेल, म्हणजे शस्त्रक्रियेऐवजी आधी औषधे द्यावी लागणार असतील, तर ती तपासणी जास्तीची नव्हेच, आणि डॉक्टर विसरले असतील तर हट्टाने मागावी. लक्कम्मांच्या घरी तांदूळ कमी पडले असते, तर त्यांनी मारय्यांना पुन्हा पाठवलेच असते.

आणि आपल्याकडे कमी पडण्याचीच उदाहरणे अधिक आहेत, हे विसरून चालणार नाही. लाजेने गाठ महिनोन्‌महिने पदराआड राहते. मग गाठ मोठी झालेली, कातडी ओढलेली, काखेतील गाठी एकमेकींना चिकटलेल्या, अशी बाई नागपूरला पोहोचते. तिच्या बाबतीत रोग कुठवर गेला हे पाहण्यासाठी स्कॅन आवश्यकच आहे. तिला वरचा इशारा ऐकवणे म्हणजे उपाशी माणसाला मिताहाराचे कीर्तन ऐकवणे होय.

राहिले भय. पुष्कळदा तपासणी मागतो तो रोगी नव्हे, तर भय. हे भय तुच्छ लेखण्यासारखे नाही. रात्री सगळे निजल्यावर छताकडे पाहत पडलेल्या बाईला टक्केवारी सांगून झोप येत नाही. पण यंत्राने मिळालेली निश्चिंती किती दिवस पुरते? तीन महिन्यांनी पाठ दुखली की पुन्हा तेच भय, पुन्हा तीच मागणी. भयाला माप नसते. अशा वेळी यंत्रापेक्षा डॉक्टरांसमोर स्वस्थ बसून झालेले अर्ध्या तासाचे बोलणे अधिक उपयोगी पडते. पण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तेवढा वेळ मागणे स्कॅन मागण्याहून अवघड, हेही खरे.

दासोहाचा विचारही काहीजण पुढे करतील. माझ्या समाधानाच्या स्कॅनमुळे दुसऱ्या गरजू बाईचा नंबर मागे जातो, हे सत्य आहे. तथापि आजारी स्त्रीला दासोहाच्या नावाने गप्प बसविणे आम्हांस मान्य नाही. रांगेची व्यवस्था लावणे हे रुग्णालयाचे काम आहे, तिचे नव्हे. हा विचार करावा तो फोनवरून सल्ला देणाऱ्या धडधाकट नातलगांनी. खर्चाचेही तेच. २०१८ पासूनच्या आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते मुख्यतः भरती होऊन घ्यावयाच्या उपचारासाठी. बाहेर केलेल्या स्कॅनचे पैसे बहुधा संत्र्याच्या बहाराच्या उचलीतून जातात, आणि त्याच घरातील मुलीची फी थांबते. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. तरी या रोगाच्या मोठ्या उपचारासाठी वाट अजून नागपूरचीच आहे.

सर्वांत खटकणारी बाब शेवटी सांगतो. आपल्या अनेक घरांत हा सर्व विचार होतो तो त्या बाईला वगळून. तिला "साधी गाठ आहे" असे सांगतात, अहवाल मुलाच्या पिशवीत राहतो, आणि स्कॅन करावयाचा की नाही हे ओसरीवर ठरते. अनुभव मंटपात अक्कमहादेवींना अल्लमप्रभूंनी कठीण प्रश्न विचारले ते थेट अक्कांना, त्यांच्या वतीने बोलणाऱ्या कुणा पुरुषाला नव्हे. आणि उत्तरे अक्कांनीच दिली. देह तिचा, तर माप ठरविण्याचा पहिला अधिकारही तिचा. काही भगिनी सर्व जाणून घेऊ इच्छितात, काही म्हणतात "तुम्हीच पाहा, मला सांगू नका". दोन्ही मान्य करावे. पण तिला विचारल्यावर.

उपचार पूर्ण झाल्यावर वर्षातून एकदा मॅमोग्राफी आणि डॉक्टरांकडून नियमित तपासणी एवढे चुकवू नये. हाडात नवे दुखणे निघून आठवडेच्या आठवडे थांबले नाही, धाप लागू लागली, कावीळ दिसली किंवा डोके सतत दुखू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता नागपूरची गाडी धरावी. तेव्हा मागितलेल्या स्कॅनला कोणी जास्तीचा म्हणणार नाही.