बैलाचा कोणता पाय आधी?

आज सकाळी आमची ओसरी गप्प आहे. गेले आठ-दहा दिवस सौंसरच्या आमच्या घरात दूधवाल्याच्याही आधी मोटार जागी व्हायची. विहिरीवरची नव्हे, मुठीत मावेल एवढी, सहा पेन्सिल सेलांवर चालणारी. धाकटी दात न घासता ओसरीवर जाऊन बसायची, खटका दाबायची, आणि घर्र-घर्र करत प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा एक बैल फरशीवरून निघायचा. चक्क पावलं टाकत. चाक एकही नाही.

चाक नाही याचं अप्रूप अशासाठी, की आमच्याकडचा खेळण्यातला बैल चाकांवरच असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवतात, दोरीने ओढत घरोघर फिरतात आणि बोजाऱ्याचे पैसे गोळा करतात. नागपूरकर या सणाचं श्रेय दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांना देतात आणि साल सांगतात 1806. हा मुलूख तेव्हा भोसल्यांचाच. पुढे 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि आमचं सौंसर छिंदवाड्यातून उठून तिकडे गेलं. कागदावर एवढी उचलठेव झाली, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोरी धरून निघणारी पोरं होती तिथेच आहेत. (पांढुर्ण्यात नेमकी त्याच दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार असते. एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी, पोरं बैल ओढतात आणि थोर माणसं एकमेकांवर गोटे भिरकावतात. यातलं पोरकट कोण, हे मी कुणाला सांगायला जात नाही.)

आमचा लाकडी बैल सागवानी आहे. घरातले वडीलधारे आबाजी लहान असताना गावच्या सुताराने केलेला. एक शिंग नंतर बसवलंय, ते जरा फिकट दिसतं. त्याला चार पाय आहेत आणि पायांखाली पाटी, पाटीला चार चाकं. म्हणजे पाय शोभेचे, काम चाकांचं. माणसाने ही पळवाट फार आधी शोधली. चीनमध्ये इसवी सन 231 मध्ये जुगे ल्यांग नावाच्या सेनापतीने फौजेचं धान्य ‘लाकडी बैलां’वरून नेल्याची नोंद आहे. वाचताना डोळ्यांपुढे डोंगरवाट चढणारे लाकडी बैल येतात. अभ्यासक मात्र बहुतेक सांगतात की ती साधी हातगाडी असावी. पाय करणं अवघड, हे त्या सेनापतीलाही कळलं असणार.

तर यंदा मामाने नागपूरहून भाचीसाठी ठोकळ्यांचा संच आणला. डब्यावर चार पायांचं चालतं जनावर होतं, कोणतं ते नीट कळत नव्हतं. धाकटीने पोळ्याचे दिवस पाहून त्याला बैल ठरवलं. आत शेकडो तुकडे आणि एक पुस्तिका. त्या पुस्तिकेत एक अक्षर नाही. नुसती चित्रं, बाण आणि आकडे. आमच्या घरात ही गोष्ट मोठी आहे. धाकटीची शाळा हिंदी, आबाजी वाचतात फक्त मराठी, आणि दोघांमध्ये मी दुभाष्या. या पुस्तिकेपुढे दोघंही सारखेच. आबाजी चष्मा सावरत चित्र बघायचे, ती तुकडा हुडकायची. ती आसाची भोकं मोजायची ‘एक, दो, तीन’, हे मोजायचे ‘एक, दोन, तीन’. भोकं तेवढीच भरायची.

असे ठोकळे जगभर पोचवले तो लेगो कारखानाही एका सुताराचाच. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्टियानसेनने 1932 साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. एकमेकांत घट्ट बसणाऱ्या आजच्या ठोकळ्याचं पेटंट त्याच्या मुलाने 1958 साली मागितलं, आणि त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजूनही बसतो. आबाजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, “सुताराचं मोजमाप आहे, बसनच.”

तीन संध्याकाळी गेल्या. पोटात मोटार बसली. तिच्या आसावर मळसूत्रासारखे आटे असलेला गिअर, ज्याला मेकॅनिक लोक वर्म म्हणतात, आणि त्याला भिडलेलं चोवीस दात्यांचं चाक. मळसूत्राच्या एका फेरीला चाकाचा एकच दाता सरकतो. मोटार चोवीस फेऱ्या भिरभिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. घाईचं इथे धिमं होतं, आणि धिम्याला जोर येतो. चाकावरून दोन्ही बाजूंना आस, आसांच्या टोकांना छोटे दांडे, दांड्यांना पाय. शिंगं लावली. खटका दाबला. हातात धरला तर काय झक्क चालला! चारही पाय हवेत असे काही पडत होते, की धाकटीने टाळ्याच पिटल्या.

खाली ठेवला आणि तो आडवा झाला. उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा आडवा. डाव्या कुशीवर, पाय हलवत.

“जामसावळीच्या मारुतीसारखा निजला,” आबाजी म्हणाले. जामसावळी आमच्याजवळच, तिथला मारुती निजलेला आहे. धाकटी रडवेली झाली होती, तिला विनोद परवडणारा नव्हता. मी पुस्तिका उलटसुलट करत होतो. आबाजींनी पुस्तिकेकडे पाहिलंही नाही. म्हणाले, “फिरून चालव. हातात धर.” मी धरला. ते वाकून पायांकडे बघत राहिले, चांगला मिनिटभर.

“हा बैल आहे का उंट? दोन्ही डावे एकदम उचलून रायला.”

हिवाळ्यात मेंढ्या आणि उंट घेऊन रबारी आमच्या शिवारात येतात, त्यामुळे उंटाची चाल आबाजींच्या डोळ्यांत आहे. उंट एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ बरोबरच टाकतो. त्याला ते जमतं, कारण डुलत-डुलत तो स्वतःचं ओझं या अंगावरून त्या अंगावर नेत असतो. ठोकळ्यांच्या जनावराला एवढी अक्कल कुठली.

“बैल असा नाई चालत, माय,” म्हणत आबाजींनी ओट्यावर चार बोटं ठेवली. “मांगचा डावा. मंग पुढचा डावा. मंग मांगचा उजवा. मंग पुढचा उजवा.” बोटं एकेक करून उठत होती, टेकत होती. ज्या माणसाची शेवटची जोडी दारातून गेली त्याला बारा वर्षं झाली, त्याच्या बोटांत ती चाल जशीच्या तशी होती. गवळाऊ जोडी होती आमची, पांढरी, अंगाने हलकी. वर्धा, नागपूर, छिंदवाडा या पट्ट्यातलीच ही जात, चालीला तेज म्हणून नावाजलेली. चिखलातून चालली की मागचा खूर नेमका पुढच्याच्या ठशावर पडायचा, म्हणून आठ पायांच्या जोडीचे ठसे चारच वाटायचे, असं आबाजी सांगतात. मी त्याच जोडीमागे लहानाचा मोठा झालो. कोणी मला विचारलं असतं, बैलाचा कोणता पाय आधी पडतो, तर मला सांगता आलं नसतं.

चूक साधी निघाली. त्या संचातले आस अधिकच्या चिन्हासारखे असतात, चौकोनी फुलीचे. दांडा त्यावर चारच प्रकारांनी बसतो, दर खेपेला पाव फेरीचा फरक. आम्ही डावीकडचे दोन्ही दांडे एकाच दिशेला बसवले होते. एक काढला, पाव फेरी फिरवून परत दाबला. ‘टक्’ आवाज झाला. हे लिहायला एक ओळ लागली. तिथवर पोचायला बैलाचा अर्धा बरगडा उसवावा लागला, कारण तो आस अगदी आत होता आणि चूक पहिल्या संध्याकाळची होती.

आता तो उभा राहिला. पाय टाकू लागला. पण जाईना! जागच्या जागी फरशीवर पाय घासत राहिला. पाय चालत होते, बैल चालत नव्हता.

ते दृश्य माझ्या मनातून अजून जात नाही. चालणं म्हटलं की आपलं लक्ष उचललेल्या पायाकडे असतं. लेकरू पहिलं पाऊल टाकतं तेव्हाही आपण उचललेलाच पाय बघून ओरडतो. पण अंग पुढे नेतो तो टेकलेला पाय. तो जमीन धरतो आणि मागे रेटतो. उचललेला पाय नुसता रिकाम्या हाताने पुढे येऊन आपली पाळी येईपर्यंत थांबतो. हातात धरलेला आमचा बैल इतका सुरेख चालत होता तो याचमुळे: त्याला काही धरायचंच नव्हतं.

“नाल नाई मारली याले,” आबाजी म्हणाले. डांबरी सडकेवर बैल घसरू नये, खूर झिजू नये म्हणून नाल. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, एका बैलाला आठ. नालबंद बैलाला आडवा पाडून, पाय बांधून ठोकायचा. आमच्या बैलाला पाडायची गरज नव्हती, त्याची ती हौस फिटली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून तळव्यांना चिकटवले. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो मग पोचला. खूप वेळ लागला. आम्ही तिघं भिंतीला टेकून बघत बसलो, आणि आतून दोनदा जेवायची हाक आली ती कोणी ऐकली नाही.

धाकटीने पुढे एक उद्योग केला. पायाच्या टोकाला पेन्सिलीचा तुकडा रबराने बांधला, बाजूला पुठ्ठा धरला आणि खटका दाबला. पुठ्ठ्यावर उमटली करंजी! खालून सपाटशी, वर फुगलेली. मोटारीला फक्त गोल फिरता येतं. त्या गोलातून जमिनीवरची सरळ रेघ काढायची, हे खरं कोडं. रशियन गणिती चेबिशेव याने ते दांड्यांच्या जोडणीने सोडवलं, आणि त्याचं चालणारं यंत्र 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलं होतं. आपल्या काळात हॉलंडचा थिओ यान्सेन 1990 पासून समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याने चालणारी जनावरं करतो आहे, घरात वायरिंगला वापरतात तसल्या पिवळ्या पाइपांची. त्यांच्या पायातल्या दांड्यांची मापं त्याने संगणकावर असंख्य पर्याय चाळून काढली. अकरा आकडे. ते त्याने लपवले नाहीत, कोणीही घ्यावेत म्हणून जगजाहीर केले. मला त्या माणसाचा हा गुण त्याच्या यंत्रांहून अधिक आवडतो.

आबाजींना मी मोबाइलवर ती जनावरं दाखवली. वाळूत शेकडो पाय एका लयीत पडत होते. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “वारा पडला का काय करते?” मी म्हटलं, उभं राहतं. “बरोबर आहे,” म्हणाले.

त्यांचे गुडघे आता कामातून गेलेत. सकाळी ते अंगणातून फाटकापर्यंत जातात आणि येतात. आधी काठी. काठी टेकली, तिच्यावर भार गेला, की मग डावा पाय. तो पक्का झाला की उजवा. पूर्वी मी सोबत असलो की माझी चुळबुळ व्हायची, दोन पावलं पुढे जाऊन वळून थांबायचो. या आठवड्यात एकदा त्यांच्या मागून चाललो आणि त्यांचा टेकलेला पाय बघत राहिलो. फाटक कधी आलं कळलं नाही.

काल तान्हा पोळा झाला. धाकटीने दोन्ही बैल नेले. लाकडी बैलाला बेगड, बाशिंग, पाठीवर आजीच्या जुन्या लुगड्याची झूल. तशीच झूल दुसऱ्याला घातली, तर तिचा काठ दांड्यात गुंतला आणि तोरणाखाली उभ्या असलेल्या रांगेत बैलाच्या पोटातून चर्र आवाज आला. झूल काढावी लागली. उघडा बैल मग तिथल्या तिथे चालून दाखवत राहिला, पोरांनी गराडा घातला, मागून कोणीतरी “इसका रिमोट किधर है?” असं विचारलं. तिसऱ्या घरापाशी सेल संपले.

तिने हुशारी केली. लाकडी बैलाची दोरी होती तशीच दुसरी दोरी याच्या शिंगांना बांधली आणि दोघांना ओढू लागली. लाकडी बैल खुळुखुळु मागे आला. हा येईना. मळसूत्राने चाक फिरतं, पण चाकाने मळसूत्र फिरत नाही. गाडी जॅकवर चढवली की तिच्या वजनाने जॅक उतरत नाही तसंच. चारही पाय जिथे होते तिथे घट्ट, त्यात तळव्यांना ट्यूबचं रबर. ती ओढतेय, आणि तो ताठ पायांनी जमिनीत रुतल्यासारखा. ओट्यावर बसलेल्या आबाजींना इतकं हसू आलं, की काठी खाली पडली.

“आता झाला बैल!”

बोजाऱ्याचे एकशे दहा रुपये जमले, ते तिच्या दप्तरात आहेत. दोन्ही बैल फळीवर शेजारी-शेजारी उभे आहेत. ठोकळ्यांच्या बैलाचा मागचा डावा पाय संपल्या सेलांनी अर्ध्यावर उचललेला राहिलाय. धाकटी अजून उठली नाही. आबाजी फाटकापर्यंत जाऊन आले, फळीपाशी थांबले, आणि मला म्हणाले, “बजारात जाशीन तं सेल आणजो. सहा.”