वरच्या मजल्यावर कोण काम करतं?

जॅनेट पार्कर शास्त्रज्ञ नव्हती. ती फोटोग्राफर होती. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये, शरीररचना विभागासाठी फोटो काढायची. तिच्या कामाच्या जागेच्या खालच्या मजल्यावर देवीच्या विषाणूवर संशोधन चालायचं.

ऑगस्ट 1978 मध्ये ती आजारी पडली. अंगावर पुरळ उठलं. देवी असेल असं आधी कुणाच्या मनातही आलं नाही, कारण नैसर्गिकरीत्या लागण झालेला जगातला शेवटचा रुग्ण 1977 मध्ये सोमालियात सापडला होता. 11 सप्टेंबरला जॅनेट गेली. त्याआधी काही दिवस तिचे वडील हृदयविकाराच्या झटक्यानं गेले होते. आणि खालच्या प्रयोगशाळेचे प्रमुख प्रा. हेन्री बेडसन यांनी आत्महत्या केली होती. देवीनं मेलेली शेवटची व्यक्ती म्हणून जॅनेटचं नाव इतिहासात राहिलं.

विषाणू वर कसा पोचला? सरकारी चौकशीनं पाइप आणि वायरींसाठीच्या पोकळीतून गेलेल्या हवेकडे बोट दाखवलं. पुढे कोर्टात ते सिद्ध झालं नाही, विद्यापीठ निर्दोष सुटलं. नेमका मार्ग आजही वादाचा आहे. पण मला अडवणारा प्रश्न त्या मार्गाचा नाही. प्रश्न असा आहे की जॅनेटला कुणी विचारलं होतं का?

आतल्या माणसाला धोका माहीत असतो. त्यानं प्रशिक्षण घेतलेलं असतं, सही केलेली असते, त्या कामाचं त्याला समाधान मिळतं, नावही मिळतं. वरच्या मजल्यावरच्या माणसानं यातलं काहीच केलेलं नसतं. मग एकाच्या ज्ञानासाठी दुसऱ्याचा जीव पणाला लावायचा हक्क कुठून येतो?

‘बंद करा असल्या प्रयोगशाळा’ हे उत्तर सोपं आहे, पण खोटं आहे. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची सर्वोच्च सुरक्षा पातळीची, म्हणजे बीएसएल-4 प्रयोगशाळा आहे. केरळात निपाहचा संशय आला की नमुने पुण्याला येतात. ती जागा नसती तर तिथल्या डॉक्टरांना आणि नर्सना अंधारात चाचपडावं लागलं असतं. म्हणजे बाहेरच्या माणसाला या प्रयोगशाळेचा धोका आहे, आणि गरजही आहे. पाषाणच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक रिक्षावाल्याची सही घेणं शक्य नाही.

जिथे संमती घेता येत नाही, तिथे तिची जागा नियोजनानं भरून काढावी लागते. अशा प्रयोगशाळेत हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवतात, म्हणजे हवा आत येते, बाहेर जात नाही. बाहेर सोडायची हवा बारीक फिल्टरमधून जाते. माणूस बाहेर पडताना सूटसकट रसायनाच्या शॉवरखाली उभा राहतो. सांडपाणी निर्जंतुक केल्याशिवाय सोडत नाहीत, कचरा ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली तापवतात. हे सगळं कंटाळवाणं आहे. आणि ते नीट झालं तर काहीच घडत नाही. जे घडलं नाही, त्याचं बक्षीस कोण देणार?

म्हणूनच हलगर्जीपणा नेमका इथे शिरतो. 2019 मध्ये चीनमधल्या लांझोऊत जनावरांसाठी ब्रुसेलाची लस बनवणाऱ्या कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं. बाहेर सोडलेल्या वायूतले जीवाणू पूर्ण मेले नाहीत. वाऱ्यासोबत ते शहरात पसरले आणि दहा हजारांहून जास्त लोकांना लागण झाली. कारण काय, तर डब्यावरची तारीख.

मग दोषी माणूस शोधून त्याला टांगायचं? 2014 मध्ये अटलांटात, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रात अँथ्रॅक्सचे जीवाणू मेले असं समजून नमुने कमी सुरक्षेच्या प्रयोगशाळांत पाठवले गेले. तपासणीच्या प्लेट्स 24 तासांनंतर टाकून दिल्या जाण्याऐवजी आणखी आठवडाभर इनक्युबेटरमध्ये राहिल्या, आणि त्यावर जीवाणू वाढलेले दिसले. ज्याला ते दिसलं, त्यानं सांगितलं. 75 हून अधिक कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवलं गेलं, कुणीही आजारी पडलं नाही. चूक कबूल करणाऱ्याची नोकरी जाणार असेल, तर पुढच्या वेळी ती प्लेट गुपचूप कचऱ्यात जाईल.

म्हणून मी चूक आणि चालढकल यांत फरक करतो. चूक नकळत होते. ती सांगणाऱ्याला संरक्षण हवं. चालढकल माहीत असून होते. बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेतल्या सोयी अपुऱ्या आहेत, हे जागतिक आरोग्य संघटनेनं आधीच कळवलं होतं. पण 1978 च्या अखेरीस काम बंदच करायचं होतं. उरलेल्या थोड्या महिन्यांसाठी कशाला खर्च, असा तो हिशेब. उलट मुदतीआधी संपवण्यासाठी कामाचा वेग वाढला होता.

‘आता थोडंच राहिलंय’ हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. हेल्मेट न घालता कोपऱ्यापर्यंत जाताना म्हणतो. पण तिथे डोकं आपलं असतं. प्रयोगशाळेत ते वाक्य दुसऱ्याच्या डोक्यावर फुटतं. बेडसन दुष्ट नव्हते. हा हिशेब चांगली माणसंही करतात, म्हणूनच तो एकट्या चांगल्या माणसाच्या विवेकावर सोडता येत नाही. काम वेळेत संपण्यात ज्याचा काहीच फायदा नाही, अशा कुणाच्या तरी हातात ‘आज काम बंद’ म्हणायचा अधिकार हवा. आणि इमारतीत आणखी कोण काम करतं, त्यांना खाली काय चाललंय हे माहीत आहे का, हे त्यानं पहिल्याच दिवशी विचारायला हवं.

जॅनेटच्या मृत्यूनंतर जगानं देवीच्या विषाणूचे अधिकृत साठे दोनच ठिकाणी आणले, एक अमेरिकेत, एक रशियात. उरलेल्या प्रयोगशाळांनी आपले साठे नष्ट केले किंवा तिकडे पाठवले. म्हणजे ते करता येत होतं. फक्त ते करण्याची घाई वाटायला एक फोटोग्राफर मरावी लागली.