अशांत देशाची सफर

‘सफारी’ हा शब्द आता आपल्याकडील कुटुंबांना परका राहिलेला नाही. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ केवळ ‘प्रवास’ एवढाच आहे. ज्या अरबी शब्दातून तो आला, त्याच शब्दातून आपली मराठी ‘सफर’ही आली. मुंबईहून निघालेले विमान सहा-साडेसहा तासांत नैरोबीला पोहोचते. एके काळी जे केवळ शिकारी साहेबांना व संस्थानिकांना परवडत असे, ते आज वर्षानुवर्षे काटकसर करून, मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर, एखादे मध्यमवर्गीय कुटुंबही करू शकते. त्यात गैर असे काहीच नाही. परमेश्वराने निर्मिलेली सृष्टी डोळे भरून पाहावी, तिच्या निर्मात्याची स्तुती करावी, यासारखा निर्मळ आनंद दुसरा नाही.

परंतु तिकिटे काढून झाली, पैसे भरले, आणि जाण्यास पंधरा दिवस उरले असताना त्या देशात दंगे उसळल्याची बातमी आली, तर काय करावे? जावे की न जावे? वरवर पाहता हा प्रश्न व्यवहाराचा वाटतो. प्रवासी कंपनी, विमा आणि वृत्तपत्रे यांच्या साहाय्याने तो सोडवून टाकावा, असे कोणीही म्हणेल. आम्हांला मात्र तो मुळात नीतीचा प्रश्न वाटतो. म्हणून वाचकांसमवेत त्याचा थोडा खोलवर विचार करण्याचे योजिले आहे.

केनियाचेच उदाहरण घेऊ. जुलै ते ऑक्टोबर या काळात वाइल्डबीस्ट नावाच्या कुरंगांचे लाखोंचे कळप टांझानियातील सेरेंगेटीच्या मैदानांतून उत्तरेकडे केनियातील मासाई मारात येतात. मगरींनी भरलेली मारा नदी ते ओलांडतात, तो देखावा पाहण्यासाठी जगभरातून माणसे जातात. त्याच देशाच्या २०१७ व २०२२ सालच्या सार्वत्रिक निवडणुका ऑगस्ट महिन्यात, म्हणजे ऐन हंगामात झाल्या. २०२४ साली करवाढीच्या विधेयकाविरुद्ध तरुण पिढी रस्त्यावर उतरली. २५ जून रोजी निदर्शक नैरोबीच्या संसदेत शिरले, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांना विधेयक मागे घेत असल्याचे जाहीर करावे लागले. २०२५च्या जून-जुलैतही पुन्हा निदर्शने झाली, पुन्हा बळी गेले. हंगाम आणि असंतोष असे एकमेकांच्या हातात हात घालून येतात.

या सर्वांहून भीषण होते ते २००७च्या अखेरचे पर्व. २७ डिसेंबर रोजी मतदान झाले, निकालावरून वाद पेटला, आणि पुढील दोन महिन्यांत ११००हून अधिक माणसे मारली गेली. लाखो लोक बेघर झाले. १ जानेवारी २००८ रोजी एल्डोरेट शहराजवळील कियांबा येथे ज्या चर्चमध्ये भयभीत कुटुंबे आश्रयाला आली होती, त्या चर्चलाच आग लावण्यात आली. स्त्रिया व मुले आत जळून मेली. अखेर कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २८ फेब्रुवारीला समेट झाला.

अशा वेळी प्रवासाला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा : ‘आम्हांला धोका आहे काय?’ हा प्रश्न अप्पलपोटा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. जीवन ही परमेश्वराने सोपविलेली ठेव आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा मोह प्रभू येशूने झिडकारला; देवाची परीक्षा पाहण्याचा अधिकार माणसाला नाही. जे आईबाप मुलांना घेऊन निघतात, त्यांना तर स्वतःच्या धाडसाची हौस मुलांच्या जिवावर भागविण्याचा मुळीच हक्क नाही. त्याच वेळी भीतीलाही प्रमाण असावे. देश म्हणजे एक खोली नव्हे की एका कोपऱ्यात आग लागली म्हणजे सगळीकडे धूर व्हावा. मारा नैरोबीपासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. १९९९ साली जागतिक पर्यटन संघटनेने जी आचारसंहिता स्वीकारली, तिच्यातही सरकारांनी आपल्या नागरिकांना धोक्याची सूचना अवश्य द्यावी, पण ती अवास्तव फुगवून यजमान देशाचे नुकसान करू नये, असे म्हटले आहे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘फारसा धोका नाही’ असे येईल. २००८ मध्येही परदेशी पर्यटक हे त्या हिंसेचे लक्ष्य नव्हते. पण येथेच खरा प्रश्न सुरू होतो. आम्हांला धोका नसेल. मग तो कोणाला आहे?

त्या जानेवारीत केनियाच्या पश्चिम भागातील रस्त्यांवर ठिकठिकाणी तरुणांच्या टोळ्यांनी दगड व ओंडके टाकून अडथळे उभारले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याचे ओळखपत्र तपासले जाई. नावावरून जमात कळे, आणि जमातीवरून माणसाचे भवितव्य ठरे. पर्यटकाच्या गाडीचा विचार करा. मागे बसलेल्या परदेशी कुटुंबाचे पारपत्र त्याचे रक्षण करते. पुढे बसलेल्या चालकाचे ओळखपत्र मात्र त्याच्या जिवावर उठू शकते. गाडी एकच, रस्ता एकच, अडथळाही एकच. परंतु धोका सारखा वाटला गेलेला नाही. सफारीला जाण्याच्या आपल्या निर्णयाचा सर्वांत जड भाग ज्याच्या खांद्यावर पडतो, त्याचे नावही निर्णय घेताना आपल्याला ठाऊक नसते.

हे केवळ आफ्रिकेतच घडते असे नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ जणांचे प्राण घेतले. तेथे पर्यटकच लक्ष्य होते, आणि आपल्या महाराष्ट्रातील कुटुंबांवरही तो आघात झाला. म्हणून ते प्रकरण वेगळे. तरीही त्या २६ जणांत पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही होता, ही गोष्ट विसरता येत नाही. पाहुण्याच्या वाट्याला जे संकट येते, त्यात यजमानाचा वाटा असतोच. पाहुणा सुखरूप असतानाही यजमान संकटात असू शकतो.

मग जाऊच नये, हे सोपे उत्तर झाले काय? तसेही म्हणता येत नाही. २००८च्या आरंभी पर्यटकांनी केनियाकडे पाठ फिरविली, तेव्हा मारातील व किनाऱ्यावरील कितीतरी निवासस्थाने ओस पडली; आचारी, वाटाडे, खोल्या झाडणाऱ्या स्त्रिया, सारे बिनपगारी घरी गेले. त्यांनी निवडणुकीत काहीही लबाडी केलेली नव्हती. तेथे एका पगारावर गावाकडील मोठा गोतावळा जगतो. माराच्या सीमेवर मासाई लोकांनी आपल्या जमिनी एकत्र करून वन्य प्राण्यांसाठी राखून ठेवल्या आहेत, आणि त्या जमिनीच्या भाड्यावर त्यांची मुले शाळेत जातात. पर्यटक आला नाही तर ते भाडे डळमळते. जमिनीला कुंपणे पडू लागतात आणि हत्तींच्या वाटाही बंद होतात. आपण घरी बसून ‘आम्ही बुवा त्या रक्तात सहभागी झालो नाही’ असे समाधान मानावे, आणि तिकडे निरपराध माणसाची चूल विझावी, याला निर्दोष निर्णय कसे म्हणावे?

आपल्या वाड्यांत एक जुनी रीत आहे. शेजारी मयत झालेले असताना लग्नाचा बँड वाजत नाही. ज्या राष्ट्रात घरोघर दुःख आहे, तेथे दुर्बीण गळ्यात अडकवून सिंह शोधीत हिंडणे आपल्या मनाला खटकते, ते याच संस्कारामुळे. हा संस्कार मोलाचा आहे. पण बँड थांबविल्यावर बँडवाल्याच्या घरी त्या दिवशी काय शिजले, हे विचारणे हाही संस्कारच आहे. शोक पाळण्याचा खर्च गरिबाने सोसायचा आणि त्याचे पुण्य आपण घ्यायचे, हा न्याय नव्हे.

येथे दुसऱ्या बाजूचा मोहही ओळखला पाहिजे. ‘आपण गेलो तर त्यांनाच मदत होईल’ असे म्हणून हौसेला परोपकाराचा झगा चढविणे फार सोपे असते. पोप फ्रान्सिस नोव्हेंबर २०१५ मध्ये नैरोबीला गेले, तेथील कांगेमी झोपडपट्टीत गेले, आणि त्याच दौऱ्यात यादवीने पोळलेल्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या बांगी शहरी जाऊन २९ नोव्हेंबरला त्यांनी कथीड्रलचे पवित्र द्वार उघडले. धोका असूनही ते गेले, याचा दाखला आपण सफारीसाठी देऊ शकत नाही. ते दुःखितांना भेटण्यासाठी गेले होते. आपण कुरंगांना पाहण्यासाठी निघालो आहोत. एल्डोरेटचे बिशप कॉर्नेलियस कोरिर यांनी २००८ मध्ये स्वतःच्या जमातीचा रोष पत्करून दुसऱ्या जमातीच्या हजारो निर्वासितांना कथीड्रलच्या आवारात थारा दिला. धोका पत्करणे सद्गुण केव्हा होते, हे त्यांच्याकडून शिकावे : तो स्वतःवर घेतला आणि दुसऱ्यासाठी घेतला, तेव्हा. स्वतःच्या आनंदासाठी दुसऱ्यावर टाकलेल्या धोक्याला धैर्य म्हणत नाहीत.

शिवाय केनिया हा आपल्या दृष्टीने केवळ प्राण्यांचा देश नाही. रेल्वेच्या काळापासून गोव्याचे कॅथलिक तेथे कारकून, शिंपी, आचारी, शिक्षक म्हणून गेले. नैरोबीत जन्मलेले गोमंतकीय पत्रकार पियो गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी तेथेच मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. १९६६ साली केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झालेले जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोमंतकीय व आई मासाई होती. ज्या मातीत आपल्या माणसांचे रक्त व नाते दोन्ही मिसळले आहे, तेथील माणसाला सफारीच्या चित्रातून वगळणे आपल्याला शोभणार नाही.

तर मग निर्णय कसा करावा? संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाची तीन कार्ये सांगितली आहेत : सल्ला घेणे, निवाडा करणे आणि त्याप्रमाणे कृती करण्याची आज्ञा देणे. आमच्या मते या प्रश्नाची गाठ पहिल्याच कार्यात आहे. सल्ला कोणाचा घ्यावा? आपण दूतावासाचे पत्रक वाचतो, प्रवासी कंपनीला विचारतो, तेथे राहणाऱ्या नातलगाला फोन करतो. ज्याला गाडी हाकायची आहे त्याला विचारीत नाही.

पण त्याला नुसते विचारूनही भागत नाही. ‘रस्ता ठीक आहे ना? आम्ही यावे ना?’ असे ज्याची महिन्याची मिळकत आपल्या येण्यावर अवलंबून आहे त्याला विचारले, तर तो काय उत्तर देणार? ‘या साहेब, काही भीती नाही,’ असेच म्हणणार. ते उत्तर त्याचे नसते. त्याच्या घरी वाट पाहणाऱ्या मुलांचे असते. ज्याला नकार देणे परवडत नाही, त्याचा होकार हा होकार नव्हे. मजुराची अडकवून ठेवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, असे याकोब आपल्या पत्रात बजावतो. भुकेपोटी मिळविलेल्या होकाराविषयीही आपण तितकेच सावध असले पाहिजे.

म्हणून आम्हांला असे वाटते की, जावे की न जावे हे ठरविण्यापूर्वी एक गोष्ट करणे आपले कर्तव्य आहे. त्या चालकाला आणि वाटाड्याला आधी सांगावे : ‘तुम्ही नको म्हणालात तर आम्ही प्रवास पुढे ढकलू, रद्द करणार नाही. आणि या खेपेची तुमची मजुरी तुम्हांला मिळेल.’ मग विचारावे. ज्या कुटुंबाने विमान, निवास व प्रवेशशुल्क यांवर लाखो रुपये खर्चण्याची तयारी केली आहे, त्याला एका माणसाची आठवड्याची मजुरी जड जाऊ नये. कंपनीने ती पोहोचविण्यास नकार दिला, तर तिच्यामार्फत जावे की नाही, याचेही उत्तर आपल्याला मिळून गेले.

एवढे केल्यावर तो म्हणाला, ‘या, आमच्याकडे शांतता आहे,’ तर खुशाल जावे. सृष्टीचे वैभव पाहावे, आणि ज्या देशाचे अन्न खातो त्याच्या दुःखाची वर्तमानपत्रे तेथे असताना तरी वाचावीत. तेथील रविवारच्या मिस्साला जाऊन त्यांच्या प्रार्थनेत आपली प्रार्थना मिसळावी. आणि तो म्हणाला, ‘आता नको,’ तर थांबावे. कुरंगांचे कळप पुढल्या वर्षीही नदी ओलांडतील. यरुशलेम ते यरीहो या वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला टाळून पुढे गेलेले प्रवासी वाईट होते असे शुभवर्तमान म्हणत नाही. त्यांनाही कोठेतरी पोहोचायचे होते, एवढेच. आपल्यालाही पोहोचायचे असते. वाटेत कोण आहे, हे पाहून मग पाऊल टाकावे, एवढीच अपेक्षा आहे.